उपनगरात राहायला जायचंय? भाड्याचा फरक बघून लगेच हो म्हणू नका

शहरातून उपनगरात जायचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, तेवढ्याच पैशात तिकडे एक खोली जास्त मिळते. मिळते, खरंय. पण भाड्यात वाचलेले पैसे महिनाअखेरीला हातात उरतीलच असं नाही, ते प्रवासात, दुसऱ्या गाडीत, मेंटेनन्समध्ये थोडे थोडे जातात आणि कुठे गेले ते कळत पण नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की हिशोब घर बघायच्या आधी करा, कारण एकदा बाल्कनी आवडली की मग आपण आकडे आपल्याला हवे तसे फिरवतो.

पायरी १: आत्ताचा खर्च कागदावर काढा

मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट उघडा आणि जागा बदलल्यावर जे बदलणार तेवढंच लिहा. भाडं किंवा हप्ता, मेंटेनन्स, लाइट बिल, पाणी, इंटरनेट, पार्किंग, सगळ्यांचा प्रवास, मुलांची शाळेची बस, पाळणाघर, आणि उशीर झाला म्हणून बाहेरून मागवलेलं जेवण. विमा, मोबाइलचं बिल वगैरे कुठेही राहिलात तरी तेवढंच येणार, ते सोडून द्या.

पायरी २: नव्या जागेचा तसाच कागद बनवा

इथे रुपये-पैसे बाजूला ठेवून घरातल्या एकूण उत्पन्नाचे १०० भाग धरा, सोपं जातं. समजा आत्ता भाड्याला ३५ भाग जातात आणि प्रवासाला ४, म्हणजे ३९. उपनगरात भाडं २५ भाग, वा, १० भाग वाचले! पण आता दोघांचेही पास लांबच्या अंतराचे, स्टेशनपर्यंत जायला एक गाडी, तिचं पेट्रोल, पार्किंग, विमा, सर्व्हिसिंग, असं मिळून प्रवास १२ भागांवर गेला तर बेरीज ३७. म्हणजे वाचले फक्त २ भाग आणि ते पण मेंटेनन्स वेगळा द्यावा लागत नसेल तर. हा फक्त नमुना आहे, तुमचे आकडे वेगळे येतील, काहींचे खूप चांगलेही येतील, पण बेरीज दोन्हीची एकत्रच करायची.

घरावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण त्यात प्रवास धरलेलाच नाही. अमेरिकेतली सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी नावाची संस्था म्हणूनच घर आणि प्रवास एकत्र मोजते आणि दोन्ही मिळून ४५ टक्के ही मर्यादा धरते. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

एकदाच होणारा खर्च पण विसरू नका, सामान हलवणं, ब्रोकरेज, पडदे, नवीन कनेक्शनं. तिथे किती महिने राहाल असं वाटतं त्याने भागा आणि दर महिन्यात टाका. वर्षभरासाठीच जात असाल तर हा आकडा चांगलाच टोचतो. डिपॉझिट परत मिळतं म्हणून ते खर्चात नको, पण तेवढे पैसे अडकून राहणार हे लक्षात असू द्या.

पायरी ३: वेळ मोजा, आणि दारापासून दारापर्यंत मोजा

जाहिरातीत लिहिलेलं असतं, स्टेशनपासून दहा मिनिटं. कुठल्या वाहनाने, किती वाजता, ते नसतं. तुमच्या प्रवासात लिफ्टची वाट बघणं, स्टॉपपर्यंत चालणं, बसची वाट बघणं, पार्किंग शोधणं सगळं येतं. एका वेळेला ४० मिनिटं जास्त लागत असतील तर दिवसाला ८० मिनिटं, महिन्यात २२ दिवस धरले तर २९ तासांच्या वर, आणि सुट्ट्या वजा करून वर्षाचे अकरा महिने धरले तरी ३२० तास, म्हणजे आठ तासांचे ४० दिवस होतात. हे दिवस कुणाच्या आयुष्यातून जाणार आहेत ते घरात बोलून घ्या, कारण बऱ्याचदा मोठं घर सगळ्यांना मिळतं आणि प्रवास एकटाच माणूस करत असतो.

अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या माहितीवरून दाखवलं होतं की ज्यांचा कामाचा प्रवास लांबचा त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान सरासरीने कमी. खरं तर स्वस्त घर किंवा जास्त पगाराने ती भरपाई व्हायला पाहिजे, पण पूर्ण होताना दिसली नाही. लांबच्या प्रवासाची सवय होईल असं सगळेच म्हणतात, माझा त्यावर फारसा विश्वास नाही.

तर कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळेला, दोन्ही बाजूंचा प्रवास एकदा प्रत्यक्ष करून बघा. शेवटची बस किंवा ट्रेन किती वाजता ते विचारा. आणि एक बस चुकली तर पुढची पाच मिनिटांनी की अर्ध्या तासाने, यावर रोजची चिडचिड ठरते.

पायरी ४: परिसर वाईट वेळेला बघा

रविवारी सकाळी अकरा वाजता कुठलाही एरिया छान दिसतो. रात्री दहानंतर जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वेळेला जा, आणि जमलं तर जोरदार पावसात जा. रात्री स्टॉपपासून घरापर्यंत चालत या, दिवे लागलेत का, फुटपाथ आहे का, वाटेत उघडी दुकानं किती. घरात जी व्यक्ती उशिरा येणार आहे तिलाच हे अंतर चालायला सांगा, तिचं मत इथे सगळ्यात महत्त्वाचं.

घरात गेल्यावर घाई करू नका. बाथरूमचा नळ पूर्ण सोडा आणि त्याच वेळी किचनचा पण सोडा, धार बारीक झाली तर प्रेशरचा प्रॉब्लेम आहे. तळमजला असेल तर भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा नीट बघा, तेवढाच भाग नवीन रंगवलेला असेल, हात लावला की भुसभुशीत लागत असेल किंवा स्विचबोर्ड वर सरकवलेले दिसले तर सरळ विचारा की इथे पाणी शिरलं होतं का. आणि शंभर वर्षांत एकदा येणारा पूर हे ऐकून निर्धास्त होऊ नका, त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षांच्या होम लोनच्या काळात ती साधारण २६ टक्के होते.

आवाजासाठी बेडरूमच्या खिडक्या लावून दहा मिनिटं गप्प बसा. मोबाइलवरचं ॲप अंदाज देतं, पण डेसिबलचं गणित सरळ नसतं, १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ५० आणि ६० मध्ये फार फरक नाही असं समजू नका. तिथे बसल्या बसल्या मोबाइलची रेंज पण बघून घ्या.

पायरी ५: लोकांना नेमकं विचारा

एरिया कसा आहे असं विचारलं की चांगला आहे असंच उत्तर येतं. त्याऐवजी मागच्या महिन्यात लाइट किती वेळा गेली, पाणी कधी आलं नाही, मूल आजारी पडल्यावर रात्री कुठे गेलात, मेंटेनन्स शेवटचा कधी वाढला हे विचारा. भाडेकरूंना विचारा, मालक आपल्या जागेबद्दल वाईट बोलणार नाही.

कुणी म्हणालं की तो एरिया चांगला नाही, तर काय झालं आणि कधी झालं ते विचारा. पुष्कळदा घडलेलं काहीच नसतं, तिथे कोण राहतं यावरून बनवलेलं मत असतं, आणि असल्या मतांवर चांगली जागा सोडू नये. तसंच समोरच्या मोकळ्या मैदानाचं पुढे काय होणार ते विकास आराखड्यात बघा. होऊ घातलेली रेल्वे किंवा नवीन रस्ता हिशोबात धरू नका, आज काय चालू आहे तेवढंच धरा.

पायरी ६: आधी भाड्याने राहून बघा

विकत घ्यायचं असलं तरी शक्य असेल तर त्याच भागात आधी भाड्याने राहा, निदान एक पावसाळा तरी. दोनदा सामान हलवायचा खर्च होतो पण चुकीच्या घराच्या हप्त्यांपेक्षा तो खूपच कमी. टोकन द्यायच्या आधी करारात तीन गोष्टी वाचा: लॉक-इन, म्हणजे मध्येच घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, आणि लवकर सोडलं तर डिपॉझिटमधून काय कापणार. तोंडी मिळालेलं आश्वासन असेल, भिंतीची ओल काढून देतो, पार्किंग देतो, तर ते तारखेसकट करारात लिहून घ्या आणि मगच सही करा.