लसूण-लिंबाचा युका : क्यूबाच्या घरची पद्धत

ज्या कंदाच्या स्टार्चपासून आपला उपवासाचा साबुदाणा तयार होतो, तोच कंद क्यूबामध्ये युका या नावाने घरोघरी शिजतो. २४ डिसेंबरच्या रात्री भाजलेले डुकराचे मांस, भात आणि काळा राजमा यांच्या जोडीला लसणाचा ‘मोहो’ (लसूण, गरम तेल व आंबट रस यांचे ओतायचे मिश्रण) घातलेला युका तिथे हमखास असतो.

चौघांसाठी १ किलो कंद पुरतो. कंद टणक व जड असावा. कापल्यावर गरात निळसर-काळ्या रेषा दिसल्यास तो वापरू नये. जमिनीतून काढल्यावर हा कंद दोन-तीन दिवसांतच बिघडू लागतो, त्यामुळे ताजा न मिळाल्यास सोललेला गोठवलेला युका निःशंकपणे घ्यावा.

वरची तपकिरी साल आणि तिच्याखालचा गुलाबीसर जाड पापुद्रा, दोन्ही सुरीने काढावेत. या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात आणि ती सालीत अधिक असतात. म्हणून तो कधीही कच्चा खाऊ नये, झाकण न ठेवता शिजवावा आणि शिजवलेले पाणी टाकून द्यावे.

सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे भरपूर पाण्यात घालून उकळी आली की आच मंद करावी. साधारण वीस मिनिटांनी त्यात एक पेला गार पाणी ओतावे. क्यूबातले लोक याला युका ‘दचकवणे’ म्हणतात. त्यानंतर पुन्हा उकळी आली की तुकडे कडेने उकलू लागतात, आणि त्या भेगांतच पुढे लसणाचे तेल मुरते. सुरी सहज आत जाईपर्यंत, म्हणजे एकूण तीस-चाळीस मिनिटे शिजवून, पाणी निथळून मधली दोऱ्यासारखी शीर ओढून काढावी.

तोपर्यंत लसणाच्या आठ-दहा पाकळ्या चमचाभर मीठ घालून खलबत्त्यात कुटाव्यात. मिक्सरमध्ये तो स्वाद येत नाही, असे माझे ठाम मत आहे. हा ठेचा खोलगट, उष्णता सोसणाऱ्या भांड्यात काढून त्यावर अर्धी वाटी गरम ऑलिव्ह तेल बेताने ओतावे. लसूण चुरचुरला पाहिजे, पण तांबूस होता कामा नये, कारण मग तो कडवट लागतो. चुरचुर थांबली की दोन लिंबांचा रस मिसळावा. मूळ पद्धतीत आंबट संत्र्याचा रस असतो. ती गोडसर छटा हवी असल्यास लिंबाबरोबर थोडा संत्र्याचा रस घालावा. हा मोहो, पातळ चिरलेल्या कांद्यासह, वाफाळत्या युकावर ओतून लगेच वाढावे.

गार झाल्यावर युका घट्ट होतो. उरलेले तुकडे फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तेलात खरपूस तळावेत.