या चुका टाळा: जुन्या अँबॅसिडर-फियाटचा कार्ब्युरेटर, कॅम आणि इग्निशन बदलताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात जुनी अँबॅसिडर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्याला एक सोय आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग, कास्टिंग, सगळं जवळ. त्यामुळं इंजिन खोलायला हात लवकर शिवशिवतात. आणि खोललंच आहे तर 'जरा पिकअप वाढवूया की ओ' हेही ओघानं येतं. मग जुळे कार्ब्युरेटर येतात, कुठून तरी रेसिंग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मिळतो, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसतं, आणि हे सगळं एकाच दमात. गाडी सुरू होते, पण चढाला ओढत नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्यात, तेव्हा दोष कुठल्या एकीचा हे मिस्त्रीही सांगू शकत नाही.

म्हणून क्रम ठरवा. आधी कॉम्प्रेशन मोजा. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पॉवर वाढवायचं सोडून व्हॉल्व्ह आणि रिंगांकडं बघा. त्यानंतर इग्निशन. कॅम बदलायचाच असेल तर तो कार्बच्या जेटांवर (पेट्रोल मापून सोडणारी छिद्रं) पैसे घालण्याआधी, कारण कॅम बदलला की जेटिंग पुन्हा करावं लागतंच.

करंटचा दोष कार्बच्या माथी

'कार्ब बिघडलाय' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा आजार डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना आळीपाळीनं करंट वाटणारा भाग) असतो. शाफ्टचं बुश झिजलेलं असतं. आतला फिरणारा रोटर बोटांत धरून आडवा हलवून बघा. खुळखुळत असेल तर पॉइंटचा गॅप ०.४ मिमी लावून काही उपयोग नाही, इंजिन फिरताना तो प्रत्येक सिलिंडरला वेगळा होतो. इथं नवं कार्ब बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

इलेक्ट्रॉनिक किट चांगलंच, पण ते जळायची कारणं ठरलेली आहेत. कॉइलचा रेझिस्टन्स न मोजता किट जोडलं जातं. साध्या कॉइलचा प्रायमरी सुमारे ३ ओहम असतो, बॅलास्टवर (करंट आवरणारा जादा रेझिस्टर) चालणाऱ्या कॉइलचा दीड. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली की किटच्या मॉड्यूलमधून झेपणार नाही इतका करंट जातो. दुसरं कारण, इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकणं. तिसरं, साध्या तांब्याच्या प्लग वायरी. त्यांच्या गोंगाटानं मॉड्यूल भांबावतं आणि मिसिंग सुरू होतं. हा गोंगाट दाबणाऱ्या सप्रेसर वायरी लावा. फार जुन्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला आहे का, तेही किट घेण्याआधी बघा.

पावसाळ्यात खानापूर-कणकुंबीकडं जाताना गाडी अडखळायला लागली तर कार्ब उघडू नका. अंधारात बॉनेट उचलून इंजिन चालू ठेवा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर निळ्या रेघा नाचताना दिसल्या की कॅप बदला, काम झालं.

टायमिंग (ठिणगी कधी पडावी ते) फक्त स्लोवर, म्हणजे आयडलिंगला, लावणं ही सर्रास होणारी चूक. अशा पुशरॉड इंजिनांना पूर्ण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी पडायचा कोन) साधारण ३० ते ३४ अंश लागतो. तो डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युम नळी काढून, तिचं तोंड बंद करून, स्ट्रोब लाइटनं वरच्या आरपीएमला तपासा. जुळ्या कार्बला व्हॅक्युमची जागा नाही म्हणून ती नळी कायमची बुजवली जाते, आणि मग हायवेवर अॅव्हरेज पडलं म्हणून ओरड होते.

कार्ब: मोठं म्हणजे चांगलं नव्हे

अँबॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. याच मापाचं इंजिन १९५५ साली एमजीए या स्पोर्ट्स गाडीत आलं, एसयू बनावटीच्या दीड इंची दोन कार्बसह, आणि सुरुवातीला ६८, पुढं ७२ हॉर्सपॉवर देत होतं. म्हणजे वाट मळलेली आहे. तरी लोक वेबर ४५ हे मोठं कार्ब शोधत फिरतात. या हेडमध्ये चार सिलिंडरांना इनटेकचे पोर्ट दोनच, त्यामुळं प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी देणाऱ्या वेबरचा खरा फायदा इथं मिळतच नाही. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या अँबॅसिडरला दोन एसयूच्या पुढं जायची गरज नाही.

वेबर घालायचंच असेल तर पेट्रोलचं प्रेशर मोजा. त्याला अडीच-तीन पीएसआय पुरे. इलेक्ट्रिक पंप थेट जोडला की पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह उचलला जातो, कार्ब ओसंडतं, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. पुढचं सांगायला नको.

एसयूचं मिश्रण बघायची युक्ती साधी आहे. स्लोवर कार्बमधला पिस्टन मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून तसेच राहिले तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसू लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. त्याआधी डॅशपॉटमध्ये (कार्बच्या माथ्यावरची तेलाची नळी) तेल आहे ना बघा. ते कोरडं असेल तर पाय दाबताच गाडी गचका खाते आणि सगळे जेटला दोष देतात.

आता आपल्याकडची खास भानगड. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथली हवा सुमारे सात टक्के विरळ, त्यामुळं समुद्रकाठासाठी जेट केलेलं कार्ब इथं तीन-चार टक्के रिच चालतं. उलट २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिश्रण लीन करतं, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के. (फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत त्याची सुरुवात झाली, आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच टाकीत उतरतोय म्हणा!) बेळगावात दोन्हींची थोडी वजाबाकी होते आणि गाडी ठीक वाटते. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला पोचलात की उंचीची मदत संपते, इंजिन लीन होतं, आणि परतताना भरल्या गाडीनं घाट चढताना पायथ्यालाच ठोकायला (नॉक व्हायला) लागतं. म्हणून गोव्याला जाणं-येणं असेल तर मेन जेट एक आकडा मोठा ठेवा. बेळगावात किंचित रिच वाटेल, वाटू दे. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅमही घाला. टाकीतला जुना गंज सुटून जेट तुंबतो, तेव्हा फिल्टर पंपाआधी हवा.

कॅम: इथली चूक महाग पडते

आपल्या जुन्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो सात-साडेसातच्या आसपास. त्यात ३०० अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह इतका वेळ उघडा ठेवणारा, कॅम घातला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, उरलेलं कॉम्प्रेशनही निसटतं आणि खालचा जोर जातो. बाजारात, घाटात, ट्रॅक्टरच्या मागं गाडी हवी तर २५०-२६० अंशांचा सौम्य कॅम बरा. त्याहून तिखट हवा असेल तर आधी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवा.

जुना कॅम घासून नवा प्रोफाइल काढून घेणारे खूप. घासताना वरचा कडक थर जातो. पुन्हा नायट्रायडिंग (वरचा थर कडक करणं) केलं नाही तर लोब (कॅमचा उंचवटा) बघता बघता सपाट होतो. आणि नव्या कॅमवर जुने टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे) कधीच नाहीत. टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरका असतो, त्यामुळं टॅपेट फिरत राहतो. झिजलेला टॅपेट फिरत नाही, एकाच जागी खरवडतो.

टायमिंग चेनच्या ठिपक्याला ठिपका जुळवून भागत नाही, डिग्री व्हील (अंशांची चकती) लावा. प्लॅस्टिसिनचा गोळा पिस्टनवर ठेवून, गॅस्केटसह हेड कसून, इंजिन हातानं दोन फेरे फिरवा. गोळा कापून जाडी मोजा, तेच व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर: इनटेकला दीड मिमीच्या, एक्झॉस्टला दोनच्या खाली असेल तर थांबा.

पहिला स्टार्ट सगळ्यात नाजूक. लोबला मॉलिब्डेनमची पेस्ट, प्लग काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक, फ्लोट चेंबरमध्ये हातानं पेट्रोल. सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमला वीस मिनिटं. स्लोवर ठेवून 'आवाज कसा गोड येतोय' ऐकत उभं राहू नका. त्या वेळी लोबवर तेल नीट पडत नाही. काही गळालं तर सरळ बंद करा. तेल २०डब्ल्यू-५०, झिंक भरपूर असलेलं. आधुनिक गाड्यांच्या पातळ तेलांत ते मर्यादित असतं.

सुरूच होत नाही आणि कार्बमधून भडका येतोय? डिस्ट्रिब्युटर १८० अंशांनी उलटा बसलाय. एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतानाचा टॉप (पिस्टन सगळ्यात वर) धरा, मग प्लग वायरी १-३-४-२ या क्रमानं.

आरटीओचं एक

गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी, म्हणजे व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा विचार असेल, तर गाडी मूळ स्वरूपात असणं आणि चासी, बॉडी, इंजिनात फेरफार नसणं अपेक्षित आहे. कॅम बाहेरून दिसत नाही, पण दोन चकचकीत कार्ब लगेच दिसतात. काढलेलं मूळचं सोलेक्स कार्ब, मॅनिफोल्ड, एअर क्लीनर आणि पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर तेल लावून डब्यात ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.