टायर घेताना आधी तारीख बघा

दुकानदार सगळ्यात आधी कंपनी आणि भाव सांगतो. तुम्ही मात्र टायरची कड बघा. तिथे डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो आणि त्याच्या शेवटी चार आकडे. 3224 म्हणजे टायर 2024 सालच्या 32व्या आठवड्यात बनला. कधीकधी हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून टायर फिरवून दुसरी कडही बघा. रबर न वापरताही कडक होत जातं, त्यामुळे दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर ‘स्कीममध्ये’ मिळत असला तरी मी घेणार नाही. तारीख बसवण्याआधी बघायची. रिमवर चढल्यावर कोण परत घेतो?

साइझ ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. समजा 185/65 आर15 88एच: रुंदी 185 मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या 65 टक्के, रिम 15 इंची. 88 म्हणजे एका टायरला 560 किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी 210 किमीपर्यंत वेग. शेवटचे हे दोन गाडीच्या कंपनीने दिलेत त्यापेक्षा कमी नकोत. रुंद टायर दिसतो झकास, पण बहुतेकदा अ‍ॅव्हरेज खातो.

दोनच बदलणार असाल तर नवे मागे लावा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी, असली तरी. पावसात मागची चाकं घसरली की गाडी गर्रकन फिरते, सावरणं अवघड. गॅरेजवाला पुढे लावायला निघेल, त्याला आधीच सांगून ठेवा. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांचे कोन नीट करणं) लगेच उरकून घ्या.