‘जस्ट’ वाक्यात नेमका कुठे टाकायचा?

जस्ट आपण मराठी बोलतानाही दिवसभर वापरतो, "जस्ट निघालोय", "जस्ट बघ ना एकदा", "जस्ट असंच फोन केला", त्यामुळे हा शब्द काय, येतोच की आपल्याला, असं वाटतं. पण इंग्लिश वाक्य स्वतः लिहायची वेळ आली की गाडी अडते, कारण शाळेत जस्ट म्हणजे फक्त किंवा नुकताच एवढंच सांगितलेलं असतं आणि प्रत्यक्षात तो एकटा आपल्या पाच-सहा शब्दांचं काम करतो: आत्ताच, फक्त, अगदी, जेमतेम, जरा, आणि कधीकधी नुसता आपला ‘च’. म्हणून आधी वाक्य मराठीत म्हणून बघा, यातला कुठला शब्द बसतोय ते कळलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात जास्त लागतो तो ‘आत्ताच’वाला. ब्रिटिश लोक "आय हॅव जस्ट ईटन" म्हणतात, अमेरिकन सरळ "आय जस्ट एट" म्हणून मोकळे होतात, दोन्ही बरोबर आहे, यात डोकं घालवू नका. "आय अ‍ॅम जस्ट लीव्हिंग" म्हणजे निघतोच आहे. गंमत ‘जस्ट नाऊ’ची आहे, आपल्याकडे "ही लेफ्ट जस्ट नाऊ" म्हणजे आत्ता गेला, पण साउथ आफ्रिकेतला कोणी "आय विल डू इट जस्ट नाऊ" म्हणाला तर ते काम थोड्या वेळाने होणार, आणि तो थोडा वेळ म्हणजे किती ते त्यालाच माहीत. आपला "आलोच हं" म्हणून चहाला गेलेला माणूस, तसंच.

"आय जस्ट कॉट द ट्रेन" याचे दोन अर्थ निघतात, आत्ताच पकडली किंवा कशीबशी पकडली. कशीबशीच म्हणायचं असेल तर "आय ओन्ली जस्ट कॉट इट" म्हणा, मग शंकाच नको. "जस्ट मिस्ड" म्हटलं तर बहुतेक वेळा थोडक्यात चुकली हाच अर्थ घेतात.

आता खरी मेख, नकाराच्या वाक्यात जस्ट कुठे बसतो. "आय जस्ट डोन्ट लाइक इट" म्हणजे मला ते आवडतच नाही, विषय संपला. "आय डोन्ट जस्ट लाइक इट" म्हणजे मला ते नुसतं आवडत नाही, त्याहून जास्त काहीतरी आहे, म्हणजे पुढे "आय लव्ह इट" येणार. शब्द तेच, फक्त एक घर इकडेतिकडे, आणि अर्थ पार उलटा. तसंच "आय जस्ट कान्ट लीव्ह" म्हणजे मला निघताच येत नाहीये, कामच तेवढं आहे किंवा पाय निघत नाहीये. "आय कान्ट जस्ट लीव्ह" म्हणजे असं कसं उठून जाऊ, बरं दिसत नाही ते. ओळखायची सोपी खूण सांगतो, मराठीत क्रियापदाला च लागत असेल (आवडतच नाही, निघताच येत नाही) तर जस्ट डोन्ट-कान्टच्या आधी, आणि ‘नुसतं’ किंवा ‘असंच’ येत असेल तर त्यांच्या नंतर.

अगदीवाला सोपा आहे. "ही इज जस्ट लाइक हिज फादर" म्हणजे अगदी बापावर गेलाय, आमटीत मीठ बरोबर पडलं की "जस्ट राइट". ‘जस्ट इन केस’ म्हणजे छत्री असू दे जवळ, लागली तर.

मग येतं ऑफिसचं मेल. तिथे जस्ट म्हणजे आपला ‘जरा’, "आय जस्ट वाँटेड टू आस्क" म्हणजे जरा विचारायचं होतं, नवीन क्लायंटला किंवा साहेबांना लिहिताना छान वाटतं. पण स्वतःच्या हक्काचे पैसे मागताना "आय अ‍ॅम जस्ट फॉलोइंग अप ऑन माय पेमेंट, जस्ट चेकिंग इफ..." असं लिहिलं की आपण उपकार मागतोय असं दिसतं. जस्ट काढून टाका आणि थेट लिहा, "प्लीज लेट मी नो व्हेन आय कॅन एक्स्पेक्ट द पेमेंट". माझ्या मते एका मेलमध्ये एक जस्ट पुरे.

उलट ऑर्डरच्या वाक्यात हाच शब्द कडक होतो. "जस्ट सेंड इट" म्हणजे पाठवून टाक ना एकदाचं, सीनियरला चुकूनही लिहू नका. नाइकीची 1988 पासूनची ‘जस्ट डू इट’ ही टॅगलाइनही त्याच जातीची, ‘फक्त कर’ नाही, ‘करून टाक’. जाहिरातीत तो जोर शोभतो, टीम लीडला पाठवलेल्या मेसेजमध्ये नाही.

बोलताना शेवटचा ट बहुतेक वेळा गिळतात, ‘जस् चेकिंग’, ‘जस् नाऊ’, पण पुढे स्वर आला की ट त्याला चिकटतो, ‘जस्टअ मिनिट’, ‘जस्टिन केस’. सिरीज बघताना सबटायटल्समध्ये जस्ट दिसतोय आणि कानाला मात्र ऐकू येत नाहीये असं होतं ते यामुळेच.