पुढचे शॉकप आणि ब्रेक घरी सांभाळताना या चुका टाळा

वाळपईहून पणजीला रोज बाईकने जाणाऱ्यांची एक तक्रार चवथीच्या सुमारास हमखास ऐकू येते. "ब्रेक मारला की पुढून टक् आवाज येतो, शॉकप गेले वाटतं." बहुतेक वेळा शॉकप ठीक असतात, सैल झालेला असतो तो कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पावसाळाभर खड्ड्यांत आपटून त्याची ही गत होते. गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला आणि शॉकपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवा. खडखड जाणवली तर कोनसेट सैल आहे. हँडल वळवताना बरोबर मधोमध खाच लागल्यासारखं अडकत असेल, तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. मग आवळून काही होत नाही, संच बदलावा लागतो.

हे न बघता शॉकपच्या वरचा स्क्रू फिरवायला लागणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. टायरमधली हवाही आधी बघा, गाडी थंड असताना. हवा चार-पाच पीएसआय जास्त असली तरी चांगला शॉकप दगडासारखा वाटतो. आणि बऱ्याच साध्या गाड्यांच्या पुढच्या शॉकपला ॲडजस्टमेंट दिलेलीच नसते. वर दिसतो तो बोल्ट स्प्रिंग दाबून धरणारा असतो. तो 'कडक करून बघू' म्हणून सोडवला तर उडून तोंडावर येऊ शकतो.

ज्यांच्या गाडीला प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती ॲडजस्टमेंट, आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं सगळेच म्हणतात. पण स्प्रिंग तीच राहते, तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते एवढंच बदलतं. ते मोजता येतं. शॉकपच्या चकचकीत नळीला केबल टाय बांधा, चाक उचलून तो सीलपर्यंत, म्हणजे आतलं तेल अडवणाऱ्या रबरापर्यंत, खाली सरकवा. चाक टेकवा, हेल्मेट-बॅगेसकट अलगद बसा, अलगद उतरा, चाक पुन्हा उचला आणि सील ते टाय अंतर मोजा. शॉकप एकूण 130 मिमी दबणारा असेल, तर हे अंतर 33 ते 39 मिमीच्या दरम्यान असावं. रिबाउंडचा (दबलेला शॉकप किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा) स्क्रू असेल तर फिरवण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंतचे क्लिक मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही.

आता सील. डिचोली-सत्तरीची तांबडी माती नळीवर वाळली की पॉलिश पेपरचं काम करते. रायबंदरहून फेरीने चोडणला जाणाऱ्यांच्या गाडीला वर खारं पाणीही लागतं. रॅम्पवरून उतरताना चाकं भिजतात आणि कोणी धुवायला थांबत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा साधा पाइप मारा. प्रेशरचा फवारा मात्र सीलवर धरू नका, माती आत ढकलली जाते. तेल झिरपू लागलं म्हणून लगेच सील बदलायला धावू नका. वरचं धुळीचं रबर हलकेच वर सरकवून, पाण्याच्या बाटलीची पातळ पट्टी कापून सीलच्या ओठाखालून फिरवा. कितीदा तरी एक कण निघतो आणि गळती थांबते. नळीलाच गंजाचे खड्डे पडलेले असतील तर नवं सीलही टिकत नाही. शॉकपमध्ये उरलेलं इंजिन ऑइल ओतणारे मेकॅनिक मी पाहिलेत. तसं करू नका. फोर्क ऑइल, म्हणजे शॉकपचं तेल, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच आणि दोन्ही बाजूंना सारखं मोजून.

गळलेलं तेल डिस्कवर आलं असेल तर पॅड घासून-भाजून वाचवायच्या भानगडीत पडू नये, बदलावेत. गंज निघावा म्हणून डिस्कवर तेलकट स्प्रे मारणाऱ्यांनाही हेच लागू.

माझी स्वतःची चूक सांगतो. अंगणात कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, काढून ठेवला होता आणि पाना आणायला मी घरात गेलो. चवथीला आलेला भाचा गाडीवर बसला होता. "मामा, ब्रेक लागतच नाही!" असं ओरडत त्याने लिव्हर दोन-तीनदा दाबला. मी बाहेर येईपर्यंत पिस्टन सुटून फरशीवर पडला होता आणि ब्रेक ऑइलचे शिंतोडे टाकीवर उडाले होते. ते मी कोरड्या फडक्याने पुसत बसलो, दुसऱ्या दिवशी रंगाला फुगे आले. लगेच पाणी ओतायला हवं होतं. कॅलिपर उतरवला की पॅडच्या मधे लाकडाची चकती अडकवायची, ही सवय मला तेव्हापासून लागली.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवेत पाणीच पाणी. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर हाच आकडा 155 वर येऊ शकतो. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापून लिव्हर अचानक मऊ पडतो तो यामुळे. दोन वर्षांनी ऑइल बदला. अर्धवट वापरून वर्षभर पडून राहिलेली बाटली वापरू नका. पातळी खाली गेली म्हणून नुसती भर घालू नका, आधी पॅड बघा. बहुतेकदा झिजलेल्या पॅडमुळे पातळी उतरते आणि नवे पॅड बसवताना जास्तीचं ऑइल वरून सांडतं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढताना क्रम चुकतो. लिव्हर दाबून धरा, निपल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू) उघडा, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. आधी सोडलात तर हवा परत आत. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्येच हवा गेली असेल तर घरी खटपट नको, ते काम मशीन असलेल्या वर्कशॉपचं.

मागे ड्रम असेल तर आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. नट आवळून पेडलला थोडा खेळ, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल, ठेवा, मॅन्युअलमध्ये माप असतं. मग चाक हाताने फिरवून घासत नाही ना ते बघा. शेवटी किल्ली लावून ब्रेक लाइट तपासा, पेडल आवळल्यावर तो बरेचदा कायमचा पेटून राहतो आणि मागून येणाऱ्याला तुम्ही ब्रेक मारलाय की नाही ते कळतच नाही.