डोकं घरी ठेवा, बूड सोबत आणा

मी ३१ वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी वाई आगारातून. पसरणी, खंबाटकी, आंबेनळी, सगळे घाट झाले. आता निवृत्त आहे आणि पिच्चर बघतो. तेही मारधाडीचे, कोटीच्या कोटी उधळलेले, गाड्या उडणारे. मुलगा म्हणतो, "आबा, असले पिच्चर डोकं घरी ठेवून बघायचे असतात." बारावीतली नात पुस्तकातून मान वर न काढता म्हणते, "मग आबांना काही जड नाही."

डोकं घरी ठेवा, माझी हरकत नाही. पण बूड सोबत न्या. ड्रायव्हर निम्मी गाडी डोळ्यांनी चालवतो आणि निम्मी बुडाने. मागच्या चाकात हवा कमी आहे, आत पन्नास माणसं आहेत की ऐंशी, उतारावर ब्रेक तापायला लागलेत, हे सगळं आधी सीटमधून कळतं आणि मग डोक्यात जातं. पडद्यावरही तेच. गोष्ट खोटी असली तर मी काही बोलत नाही. वजन खोटं असलं की बूड लगेच सांगतं.

तर बघायचं कसं ते सांगतो.

पहिल्या रविवारचा संध्याकाळचा शो घ्या. असला पिच्चर रिकाम्या थेटरात बघणं म्हणजे एकट्याने आरती म्हणणं. शिट्ट्या तिकिटातच धरलेल्या असतात. जागा मधल्या रांगांत, पडद्याच्या बरोबर समोर. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी मागे आणि कडेला बसावं, कारण मधल्या काळात कॅमेरा हातात धरून हलवायची जी टूम निघाली ती अजून पुरती गेलेली नाही. आणि सुरुवात चुकवू नका. यांच्यात बरेचदा सगळ्यात चांगली मारामारी पहिल्या वीस मिनिटांतच उरकलेली असते, नंतरचं नुसतं जेवणानंतरचं पान.

आता हिशेब. हिशेब करायचाच, पण घरी येऊन, चहा घेताना. 'फास्ट अँड फ्युरिअस'च्या सहाव्या भागात (२०१३) एक अजस्र विमान धावपट्टीवर पळतंय आणि गाड्या त्याच्या मागे. हा प्रकार दहा मिनिटांहून जास्त चालतो. ताशी १६० धरले तरी २६ किलोमीटर होतात. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. वाई ते पाचगणी रस्ता साधारण १२ किलोमीटर. म्हणजे ही धावपट्टी वाईतून निघाली तर पाचगणी ओलांडून महाबळेश्वरच्या वाटेला लागते. थेटरात मला यातलं काही सुचलं नाही, हात खुर्चीला घट्ट होते. हा गुणच आहे त्या पिच्चरचा. नवव्या भागात (२०२१) मात्र त्यांनी गाडीला रॉकेट बांधून ती अवकाशात पाठवली. तिथे वजनच नाही, म्हणजे माझं कामच संपलं. मी बाहेर जाऊन समोसा खाल्ला.

'स्पीड' (१९९४) मात्र मी पाच-सहा वेळा पाहिलाय, कारण बसचा पिच्चर आहे. लॉस एंजेलिसच्या सिटी बसला बॉम्ब लावलाय. वेग एकदा ५० मैलांवर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवर गेला, की खाली आला तर स्फोट. आमच्या लाल डब्याला असला बॉम्ब लावला असता तर पुढच्या स्टँडच्या गेटातच खेळ खलास. त्यात ड्रायव्हरला लवकरच गोळी लागते आणि स्टिअरिंग एका प्रवासी बाईकडे जातं, जिचं लायसन जोरात गाडी हाणल्याबद्दल जप्त झालेलं असतं. तिथे मी जरा नाराज झालो, पण पोरीने चालवली चांगली.

पुढे रस्त्यात सुमारे ५० फुटांचा तुकडाच नाही आणि बस त्यावरून उडते. नातीने वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडून दाखवलं. ताशी ११० ने गाडी गेली तर ५० फूट ओलांडायला अर्धा सेकंद लागतो. सपाट रस्त्यावरून सुटली तर तेवढ्यात ती सव्वा मीटर, म्हणजे चार फूट खाली येणार. पलीकडच्या कडेवर नाक आपटून पुढचे प्रवासी काचेतून बाहेर. "खोटं आहे आबा," ती म्हणाली. मी म्हटलं, बाई, खोटं आहे ते रस्त्यातलं भोक. चित्रीकरणात रस्ता शाबूत होता, तुकडा नंतर कॉम्प्युटरने पुसला. पण बस खरी होती आणि रॅम्पवरून खरोखर उडवली होती. ती खाली येऊन आपटते ना, तेव्हा माझी कंबर दुखते. एवढ्यासाठीच मी तो पुन्हा पुन्हा बघतो.

गाडी उलटताना तर डोळे मिटू नका. 'कॅसिनो रोयाल'मध्ये (२००६) बाँडची गाडी सात पलट्या खाते, आणि तो विक्रम म्हणून नोंदला गेला. गंमत अशी की ती मोटार इतकी बुटकी आणि बसकी होती की रॅम्पवर घालूनही उलटेना. शेवटी गाडीत हवेच्या दाबावर चालणारी तोफ बसवली. बटण दाबलं की दट्ट्या खाली रस्त्यावर आपटणार आणि गाडी एका बाजूने उचलली जाणार. आत खरा माणूस होता. कॉम्प्युटरवरची गाडी उलटते तेव्हा वाळलं पान गरगरावं तशी उलटते, आणि खाली आल्यावर टायर दबत नाहीत. टायरकडे बघत जा. टायर दबला नाही की समजायचं, आपल्याला फसवलंय.

दुसरी खूण कापाकापीची, म्हणजे संकलनाची. मोठ्या नटाने कुंपणावरून उडी मारायची आणि सहा सेकंदांत डझनभर तुकडे जोडलेले, तर त्या नटाला उडी जमत नव्हती. पण नुसते तुकडे जास्त म्हणून पिच्चर वाईट ठरत नाही, हे मला 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'ने (२०१५) शिकवलं. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्यात, काठ्यांवर लटकलेली माणसं खरी, आणि तुकडे तर अगणित. तरी कोण कुठे आहे ते एकदाही चुकत नाही. कारण बघायची वस्तू प्रत्येक वेळी पडद्याच्या मधोमध ठेवलीय, डोळ्याला शोधाशोध नाही. त्याच्या सहा ऑस्करांतलं एक संकलनाचं, मार्गारेट सिक्सेल या बाईंचं. गोष्ट काय? जायचं आणि परत यायचं. आमच्या मुक्कामी गाडीसारखी.

दोषही धडधडीत सांगतो. शेवटचा तास. शहर कोसळतंय, सगळं राखाडी, शंभर इमारती पडल्या आणि रस्त्यावर एक चप्पल पडलेली दिसत नाही. तिथे मला झोप लागते, ती लागू द्यावी. खलनायकाच्या माणसांना नावं नसतात, घरदार नसतं. बाईला पुष्कळदा सामानासारखं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकतात.

आणि पोलिसांचे पिच्चर. 'सिंघम' (२०११) मी सातारला पाहिला, "आता माझी सटकली"ला शिट्टी मारली, खोटं कशाला बोलू. पण मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये एका कार्यक्रमात अशा पिच्चरांमधून घातक संदेश जातो असं सांगितलं, ते वाचून मी गप्प झालो. कोर्ट म्हणजे नुसता अडथळा, आणि न्याय म्हणजे साहेबाच्या पट्ट्याने. विमान महाबळेश्वरपर्यंत पळालं तर कुणाचं काही बिघडत नाही. हे खोटं मात्र थेटराबाहेर घरी येतं. इथे डोकं घरी ठेवून चालत नाही.

पिच्चर संपला की उठू नका. नावं पळतात त्यात स्टंटवाल्यांची यादी येते, ती बघा. मी एकदा घाटाखाली शूटिंग पाहिलं होतं, गाडी अडवली म्हणून. एक पोरगा उंचावरून रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडत होता. चार वेळा पडला. हिरो छत्रीत बसलेला. पाचव्या वेळी जमलं, टाळ्या झाल्या त्या हिरोला. पोरगा कोपर बांधून कडेला भेळ खात बसला. माझ्या बसमधल्या एका आजीने खिडकीतून त्याला विचारलं, "लागलं का रं?" ऑस्करवाल्यांनी आता स्टंटसाठी वेगळं बक्षीस ठरवलंय, २०२७ च्या पिच्चरांपासून. तोवर आपण निदान नावं वाचू.

आणि शेवटचं, हे ड्रायव्हर म्हणून सांगतो. थेटरातून निघून लगेच गाडीला किक मारू नका. चहा घ्या, दहा मिनिटं थांबा. 'फास्ट अँड फ्युरिअस'च्या पाचव्या भागात दोन गाड्या तिजोरी ओढत नेतात ना, तो पिच्चर पाहून पुतण्या मला मोटारसायकलवर मागे बसवून सातारहून निघाला. पाचवडच्या आधीच त्याने दोन ट्रकच्या मधून गाडी घातली. मी त्याला थांबवलं, मागे बसवलं आणि वाईपर्यंत ताशी ४० ने आणलं. वाटेत तीन एसट्या आम्हाला मागे टाकून गेल्या. एकीच्या ड्रायव्हरने ओळखून हॉर्न दिला.