एनडीआरएफची तुकडी पोहोचेपर्यंत सोसायटीने काय करावे

पुण्यात मुठा नदीच्या काठावरील सोसायट्यांत पाणी शिरू लागले की ‘एनडीआरएफला बोलवा’ अशी एकच धावपळ उडते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल हे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार उभे राहिलेले, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील दल असून, त्याची पाचवी बटालियन मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे, म्हणजे संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीच्या गावी आहे. बटालियन जिल्ह्यातच असली, तरी तिची तुकडी प्रशासनाच्या मागणीवरून निघते. म्हणून आपण फोन करायचा तो १०१ वर अग्निशमन दलाला, ११२ वर किंवा १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर. ‘खूप पाणी आले आहे’ एवढेच न सांगता इमारतीचे नाव, जवळची खूण, पाणी किती चढले आहे, किती माणसे अडकली आहेत आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकेल, हे क्रमाने सांगावे.

खरी तयारी मात्र त्याआधीची आहे. शहरात ऊन पडले असले, तरी पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांच्या पाणलोटात पाऊस सुरू असेल, तर ते पाणी खडकवासला धरणात येते आणि तेथून मुठेत सोडावे लागते. २५ जुलै २०२४ रोजी हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफूट पाण्याच्या) वर गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोक घरांत अडकले. म्हणून विसर्ग वाढवल्याची सूचना आली की रात्र असली तरी तळमजल्यावरील कुटुंबांना वर न्यावे आणि मीटररूममध्ये पाणी शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. पाणी आधीच शिरले असेल, तर तेथे कोणीही पाऊल टाकू नये, महावितरणला कळवावे. त्याच दिवशी पहाटे डेक्कनजवळील पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला, हे विसरून चालणार नाही.

माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रहिवाशांची यादी. ‘बी ३०२, आजी, वय ८४, चालता येत नाही, ऑक्सिजन लागतो’ अशा नेमक्या नोंदी असतील, तर बोट कोणत्या जिन्याला लावायची हे जवानांना क्षणात ठरवता येते. भाडेकरू आणि घरी राहणाऱ्या मदतनिसांची नावे हमखास राहून जातात. ती आवर्जून लिहावीत. यादीची एक प्रत सेक्रेटरींकडे आणि दुसरी वरच्या मजल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नये, कारण पहिल्यांदा बुडते ती केबिनच.

तुकडी आल्यावर तिच्याशी एकाच माणसाने बोलावे. बोटीत चढण्यापूर्वी लाइफ जॅकेट घालावे, उभे राहू नये आणि औषधे व मोबाइल सोडून सामानाचा आग्रह धरू नये. भिंत किंवा दरड कोसळलेली असेल, तर ढिगाऱ्याजवळ गर्दी करू नये. आत अडकलेल्या माणसाची हाक ऐकू यावी म्हणून जवान यंत्रे थांबवतात, तेव्हा सर्वांनी पूर्ण शांत राहावे.

जो सुखरूप बाहेर आला किंवा आधीच नातेवाइकांकडे गेला, त्याच्या नावापुढे यादीत लगेच खूण करून ती तुकडीच्या प्रमुखाला दाखवावी. नाहीतर त्याच्या शोधात जवान रिकाम्या घरात पुन्हा पाण्यातून शिरतात.